मास्तरांनी न उचललेला बेलभंडारा

बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की त्यांचा आजार आठवत नाही, शाळाही आठवत नाही. आमच्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक आठवते. गाव बाळापूर तालुक्यातलं. मी नोकरीमुळे अमरावतीला.

शेजारचे काका त्या वेळी आमच्या वॉर्डातून उभे होते. भाजीच्या मळ्यावर त्यांचं घर चालतं. त्यांची आणि बाबांची मैत्री माझ्या जन्माआधीची. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातली माणसं मारुतीच्या देवळात जमली. आमच्याकडे ही रीत पडून गेली आहे: उमेदवार एकेकाला बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलायला लावतो आणि मत तुम्हालाच देईन असं वदवून घेतो. शपथ मोडली तर घरादाराला भोवते, असं सगळे मानतात.

बाबांची पाळी आली. शिक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या होत्या. त्यांनी हात मागे घेतले.

"मास्तर, सारे उचलून राहिले. तुमालेच काहून भेव?" काकांनी विचारलं.

"भेव नाई, भाऊ. पन इथंच सांगून टाकलं, त उद्या मशीनपुढं तो आडोसा कायले पायजे?"

दोघे-तिघे हसले. काका हसले नाहीत.

काका थोडक्या मतांनी पडले. मतदानाच्या दिवशी दुपारी मशीन काही वेळ बंद होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तेवढ्या वेळात काय झालं, कुणी नीट सांगितलं नाही. काका कोर्टात गेले. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. पण मशीनवरचा संशय फार दिवस मशीनवर राहत नाही, तो माणसांवर येतो. वॉर्ड एवढासा. पारावर बसून लोक कुठल्या घरातून कुणाला मत गेलं ते बोटांवर मोजू लागले. भंडारा उचललेले सुटले. उरलं आमचं घर. ग्रामसभेला निम्मं गाव येईनासं झालं. जे येत, ते आधी दारातल्या चपला कुणाकुणाच्या आहेत ते बघत.

काकांनी बोलणं टाकलं. बाबा सकाळी ओट्यावर पेपर वाचत असायचे आणि ते समोरून खाली मान घालून जायचे. एकदा सांगून मोकळे व्हा, असं आई म्हणायची. मत सांगायचं नसतं, एवढंच बाबा म्हणायचे. त्यांनी ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाबांना नेलं तेव्हा काका सगळ्यांच्या मागे, लांब उभे होते. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकर आणून देतात. दुसऱ्या दिवशी काका स्वतः डबा घेऊन आले. तो आईपुढे ठेवून माझ्याजवळ बसले. 

"खरं सांग, पोरा. मास्तरनं मले मत देलं होतं का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला कळलं. मी हो म्हटलं असतं तर काकांचं घर तिला परत मिळालं असतं. खरंखोटं तपासायला बाबा नव्हते. पण त्यांनी देवळात मागे घेतलेला हात मी माझ्या हातानं पुढे केल्यासारखं झालं असतं.

"मले माईत नाई, काका. त्यायनं कोनालेच नाई सांगतलं."

"मेल्यावरई नाई," काका म्हणाले. उठले. कुत्रं तोंड घालेल म्हणून डबा भिंतीकडे सरकवला आणि गेले.

तेरवीला ते आले नाहीत. कोर्टात तारखा पडताहेत. एका शब्दानं तुझ्या बापाचं काय गेलं असतं, असं आई अजून म्हणते. तिला त्या शेजारात एकटीनं राहायचं आहे. मी दोन दिवस राहतो आणि अमरावतीच्या एस.टी.त बसतो.