हौसेरावांचं हलकं छप्पर

हौसेराव कुणाच्या घरी गेले की आधी माणसं बघत नाहीत, वजनं बघतात. गणपतीच्या दर्शनाला आले तर हात जोडता जोडता म्हणतात, "मूर्ती सव्वातीन किलो. मखर धरलं तर पाच." लग्नात नवरदेव बोहल्यावर चढला की शेजारच्याच्या कानात पुटपुटतात, "एकोणसत्तर. सूट धरून." शेजारच्यानं हसण्यावारी नेलं तर त्यांना वाईट वाटतं, कारण त्यांनी काही विनोद केलेला नसतो.

त्यांचा तरी काय दोष? सगळी नोकरी कळंबोलीत लोखंडाच्या बाजारापाशी एका वजनकाट्यावर गेली. ट्रक रिकामा आला की एकदा काट्यावर, भरून आला की पुन्हा काट्यावर, दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. यात ड्रायव्हर लोक नाना युक्त्या करत. रिकाम्या गाडीच्या वेळी क्लीनरला आत बसवून ठेवायचं आणि भरल्या गाडीच्या वेळी त्याला चहाला पाठवायचं, म्हणजे तेवढा माल कमी दिसतो. हौसेराव केबिनमधून ओरडत, "तुझा साठ किलोचा माणूस कुठं गेला रे? बोलव त्याला!" कुणी गयावया केली तर उत्तर एकच. "काटा म्हणजे काटा."

त्या केबिनला एक खिडकी होती आणि हवा स्वच्छ असली की खिडकीतून लांबवर प्रबळगड दिसे. ट्रक कुठून कुठून येत, कुठे कुठे जात. हौसेराव आणि प्रबळगड मात्र आपापल्या जागी. वर नेमकं काय असेल, तिथून आपला काटा दिसत असेल का, हे कुतूहल त्यांनी निवृत्त होईपर्यंत जपलं आणि निवृत्तीनंतर करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत बरोबर आणलं.

त्यामुळे ऐरोलीत नोकरी करणारी त्यांची मुलगी तेजश्री जेवताना सहज म्हणाली, "पुढच्या शनिवारी आमचा ग्रुप प्रबळमाचीला मुक्कामाला चाललाय," तेव्हा हौसेरावांचा घास हातातच राहिला.

"मी पण येणार."

ग्रुपचा म्होरक्या कुलदीप हा तिच्याच ऑफिसातला. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, वेलकम. पण आमचा नियम आहे. साठीच्या पुढच्यांची बॅग पाण्यासकट सहा किलो. जास्त भरली तर पायथ्यावरूनच रिटर्न. नंतर गुडघ्यांचं टेन्शन नको."

दुसरी अट घरातून आली. राहीबाई साताऱ्याकडच्या. नवऱ्याला परवानगी देताना त्या सरळ कधी देत नाहीत.

"निजा की खुशाल डोंगरावर. पर डोक्यावर छप्पर पायजे. मागल्या थंडीत छाती भरली तवा वाफारा कुनी दिला? डोईवर एक थेंब पडला तरी परत जायाचं नाव काढायचं न्हाई."

झालं! राहीबाईंचं छप्पर कुलदीपच्या सहा किलोंत बसवायचं होतं. तंबू एकट्यानं उचलायचा तर निम्मा कोटा तोच खाणार. "बाबा, मग ताडपत्री बघा. दोरी बांधली की छप्पर," तेजश्री म्हणाली.

ताडपत्री म्हटल्यावर हौसेरावांना दिलासा वाटला. हा तर घरचाच विषय! ते थेट कळंबोलीत कृष्णातच्या दुकानात गेले. कृष्णात ट्रकवाल्यांना ताडपत्र्या पुरवतो. त्यानं दोन माणसं लावून एक घडी बाहेर ओढली.

"याच्याखाली साखर पावसाळाभर उभी राहिली, तरी दाणा विरघळत नाही."

"अरे, पण मला साखर न्यायची नाही. मला निजायचंय."

"मग निजा की! याच्यावर ट्रक गेला तरी फाटायची नाही."

"माझ्यावर जाईल ना!" हौसेराव म्हणाले. घडीचं एक टोक उचलून बघितलं आणि सवयीनं आकडा सांगितला. तो आकडा ऐकून कृष्णातनंच ती घडी परत आत ढकलली.

मग रस्त्यावरची निळी प्लॅस्टिकची आणली. हलकी होती. पण तिचा आवाज असा, की राहीबाई म्हणाल्या, "रातभर कुनी पापड खातंय जनू." दोरी ताणल्याबरोबर तिचं कोपऱ्यातलं पितळी भोक कापडासकट हातात आलं.

शेवटी तेजश्री त्यांना वाशीला एका गिर्यारोहणाच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या नमितानं काउंटरवर तीन लहान पिशव्या ठेवल्या. हौसेरावांनी एकेक तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि किमती विचारल्या. मग डोळे उघडले. सगळ्यात हलकी ती सगळ्यात महाग होती! ज्या माणसानं आयुष्यभर वजन वाढलं की पैसे वाढताना पाहिले, त्याच्या पायाखालची फरशी सरकली.

"म्हणजे वजन कमी होईल तसा भाव चढतो?"

"हो काका."

"मग अजिबात नसलेली ताडपत्री केवढ्याला पडेल?"

नमिता हसली, पण हौसेराव खरंच विचारात पडले होते. मग त्यांनी जे प्रश्न सुरू केले! हे कापड कशाचं? नायलॉनचं, वरून सिलिकॉन. या बारीक चौकटी कशाला? एका जागी फाटलं तरी भोक पुढच्या जाड धाग्यापाशी अडतं. शिवणीतून पाणी येतं का? आतून पट्टी आहे. भोकांऐवजी हे पट्ट्यांचे फासे का? ओढ सगळ्या कोपऱ्यावर पसरते. शेकोटीजवळ धरलं तर? "वितळेल काका, ते मात्र करू नका." सगळ्यात हलकी घ्यावी असं मनात होतं, पण नमितानं सांगितलं, की ती खडकावर घासली तर जपावी लागते. मधली ठरली. राखाडी, पोळ्यांच्या डब्याएवढी घडी. रंग राखाडी, म्हणजे मळखाऊ, एवढं एक कारण राहीबाईंना पटलं.

पण पटणं वेगळं आणि परवानगी वेगळी. परीक्षा गच्चीवर ठरली. टाकीच्या पाइपला आणि कपड्यांच्या तारेच्या खांबांना दोऱ्या बांधून हौसेराव खाली मांडी घालून बसले. राहीबाई बादली घेऊन स्टुलावर चढल्या.

"हळू ओत."

"पाऊस काय इचारून येतो व्हय?" असं म्हणून त्यांनी अख्खी बादली पालथी घातली. इतकी वर्षं वाट बघितल्यासारखा तो नेम होता.

ताडपत्री गळली नाही. मात्र हौसेरावांनी ती काट्याच्या फळीसारखी सपाट बांधली होती. मध्ये पाण्याचा फुगा धरला आणि तो कडेनं बरोबर त्यांच्या मानेत रिकामा झाला. "थेंब म्हनलं हुतं मी. ह्यो तर घागरभर आला," राहीबाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा एक बाजू खाली, एक वर अशी उताराला बांधली. आता पाणी शहाण्यासारखं बाजूनं गेलं. हौसेराव इतके खूष झाले, की वाळण्यासाठी तीन दोऱ्या सोडल्या आणि चौथी बांधलेली ठेवून टॉवेल आणायला खाली गेले.

परत आले तर दोरी होती, गाठ सुटलेली होती आणि ताडपत्री नव्हती.

शेजारच्या गल्लीत गोटीरामच्या पुतण्याची हळद होती. गोटीराम इथलाच मूळचा, आगरी. जिथे आमची सोसायटी आहे तिथे त्याच्या आजाचं भातशेत होतं. हळदीचा डीजे अचानक घुसमटल्यासारखा वाजू लागला आणि दहा मिनिटांनी गोटीराम राखाडी बोचकं घेऊन दारात.

"हौसेरावकाका, यो तुमचा रुमाल हाय का? स्पीकरला घुंगट घातला त्यानी."

"रुमाल नाही, छप्पर आहे ते."

"छप्पर?" गोटीरामनं ते एका बोटावर तोललं. "अवरा हलका? काका, तुमी आयुष्यभर लोखंड तोललाव, ते काय वाऱ्यानी उरून जात नव्हतं. याला बांदाया लागंल. चला, आता जेवूनच जा."

हौसेराव जेवले, पण लक्ष मांडवाच्या गाठींकडे. येताना मांडव बांधणाऱ्याकडून एक गाठ शिकून आले आणि आठवडाभर ती दाराच्या कडीला, खुर्चीला, एकदा तर राहीबाईंच्या पदरालाही बांधून पाहिली. राहीबाईंना ती सोडवता येईना, तेव्हा त्यांनी होकार दिला.

शनिवारी घरच्या काट्यावर बॅग भरली पाच किलो सातशे. हौसेराव अभिमानानं चपला शोधायला गेले.

पायथ्याला ठाकूरवाडीत कुलदीपनं हुकाचा काटा काढला. बॅग टांगली. साडेसहा!

हौसेरावांचा चेहरा पडला. बॅग उघडली तर वरच स्टीलचा डबा. भाकरी, ठेचा, पिठलं. चपला शोधण्याएवढ्या वेळात राहीबाईंनी काम उरकलं होतं.

"चालतंय काका, थोडंच आहे," कुलदीप म्हणाला.

"चालत नाही. काटा म्हणजे काटा."

"बाबा, मग ताडपत्री गाडीत ठेवा. माझ्या तंबूत झोपा," तेजश्री म्हणाली.

हौसेरावांनी वर बघितलं. एवढ्या वर्षांचा डोंगर आता मान वर करून बघावा इतका जवळ होता. मग ते तिथेच दगडावर बसले, डबा उघडला आणि म्हणाले, "या रे सगळे."

नाश्ता करून आलेल्या नऊ जणांनी पुन्हा नाश्ता केला. ठेच्यानं दोघांच्या डोळ्यांना पाणी आलं. रिकामा डबा गाडीच्या ड्रायव्हरकडे गेला. बॅग पुन्हा टांगली, पाच सातशे.

कुलदीपनं ढेकर दिली. "काका, पण वजन कुठं गेलं? चढणार तर आमच्याबरोबरच ना?"

"ते तुम्ही विचारायचं नाही. क्लीनर चहाला गेलाय," हौसेराव म्हणाले आणि काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागले.

माचीवर पोचल्यावर त्यांनी दोन झाडांमध्ये ताडपत्री उताराला बांधली, मांडवाच्या गाठी मारल्या. दिवस मावळायच्या आत एक अवेळी सर आली. ज्यांचे तंबू अजून पिशवीत होते ते चौघे पळत येऊन हौसेरावांच्या छपराखाली शिरले. हौसेराव मात्र पाणी कुठल्या कडेनं जातंय, दोरी किती ताणते, हे बोटानं चाचपून बघत होते. सर थांबल्यावर कडेला गेले. खाली पनवेल धुऊन निघालं होतं. त्यापलीकडे कळंबोली असावी. त्यांनी खूप शोधलं. काटा काही दिसला नाही, मुंग्यांएवढ्या ट्रकांची रांग दिसली, तिच्यावर कितीतरी वेळ डोळे लावून बसले, पण पहिल्यांदाच आकडा काही सांगितला नाही.

इतक्यात राहीबाईंचा फोन.

"भिजलासा का?"

"डोकं नाही." मग काटा म्हणजे काटा, म्हणून पुढे सांगितलं, "पाय थोडे. बाहेर राहिले होते."

"पायाचं म्हनले नव्हते मी. डबा खाल्ला?"

"खाल्ला. खालीच. सगळ्यांनी."

"मला ठावं हुतं. तेजूच्या पिशवीत दशम्या हायती तुमच्या. तिला कोन तोलतंय!"

हौसेरावांनी फोन खिशात टाकला. काट्यावरच्या सगळ्या नोकरीत एवढी साधी युक्ती कुठल्या ड्रायव्हरला सुचली नव्हती. तेजश्रीनं हसत पुडकं आणून दिलं. त्यांनी एक दशमी तळहातावर घेतली, सवयीनं डोळे मिटले, ओठ हलले, आणि आकडा बाहेर यायच्या आत पहिला घास तोंडात गेला.