दक्षिणमुखी गाडी

गाडीच्या टपावर मी सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवले. मोबाईलमधलं होकायंत्र उघडून, कोन मोजून, एकदम चोख.

यात काय चुकलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी लाजायचं कारण नाही. मलाही काही वाटलं नव्हतं, आणि माझा तर हा धंदा आहे.

बीडला माझं सोलरचं दुकान आहे. आष्टीपासून धर्मापुरीपर्यंत शेतपंपांचे, घरांचे, शाळांचे पॅनेल बसवत आलोय. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेला कललेला असतो. म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि थोडा उतार, हा नियम. हे इतक्या वेळा केलंय की बायको म्हणते, तुम्ही जेवायला बसलात तरी ताट दक्षिणेला कलतं करता.

तर सुमन सिस्टर त्यांची गाडी घेऊन दुकानी आल्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. अर्ध्या बीडला त्यांनी सुया टोचल्यात, मलाही लहानपणी टोचली असणार, त्यामुळं अरे-तुरेचा हक्क त्यांच्याकडे आपोआप आलाय. रिटायर झाल्यावर त्या ड्रायव्हिंग शिकल्या. मग एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात दोन बेड, शेगडी, छोटा फ्रिज बसवून घेतला. याला मोटरहोम म्हणतात, चाकावरचं घर. टपावर एक लहानसा पॅनेल होता. त्यावर दिवे आणि पंखा चालायचा, बस्स.

तेवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं. कारण मागच्या बेडवर बसून पेपर वाचत होते ते त्यांचे मिस्टर, रिटायर्ड हेडमास्तर. सरांना झोपेत श्वास थांबायचा आजार आहे. रात्रभर नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन चालवावं लागतं. सारनाथ आणि बोधगया दोघांनी मिळून बघायचं, हे लग्न झालं तेव्हाच ठरलेलं. पण हे मशीन आल्यापासून सर म्हणू लागले, वाटेत लाईट गेली तर पंचाईत, तू मंडळाच्या बायकांबरोबर जाऊन ये. सिस्टरनी वाद घातला नाही. गाडी घेतली.

मला म्हणाल्या, "संतोष, आमी कुठंबी उभं असलो तरी रात्रभर मशीन चाललं पाहिजे."

यातला 'कुठंबी' मी ऐकला आणि सोडून दिला.

दोन मोठे पॅनेल, नवी लिथियम बॅटरी आणि कंट्रोलर असं काम काढलं. कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला कारभारी. किती करंट आत सोडायचा ते तो ठरवतो. माझ्या आवारात गाडीचं तोंड दक्षिणेला होतं. मी स्ट्रक्चर वेल्डिंग करून पॅनेलचं तोंडही दक्षिणेला केलं. मीटरवर आकडा असा झकास आला की मी त्याचा फोटो स्टेटसला टाकला.

सिस्टर मात्र लगेच प्रवासाला निघाल्या नाहीत. नवीन औषध पेशंटला एकदम पूर्ण द्यायचं नाही, ही नोकरीतली सवय. त्यांनी गाडी मांजरसुंब्याला ओळखीच्या ढाब्यावर एक दिवस-रात्र उभी केली. इंजिन बंद, ढाब्याची लाईटही घ्यायची नाही. ढाब्यावर गाडी रिव्हर्स घेऊन, तोंड रस्त्याकडे करून लावतात, म्हणजे सकाळी सरळ निघता येतं. सिस्टरनीही तशीच लावली. रस्ता ढाब्याच्या उत्तरेला.

पहाटेच्या आधी मशीन बंद पडलं. सरांना काही झालं नाही, कारण सिस्टर नाईट ड्युटीला बसावं तशा शेजारी जाग्या बसल्या होत्या. त्यांनी लगेच उठवून मास्क काढला. सकाळी मला फोन आला. आवाज चढलेला नाही, शिवी नाही. फक्त म्हणाल्या, "बॅटरी भरलीच न्हाई रे. येऊन बघ."

मी गेलो ते मल्टीमीटर घेऊन आणि बॅटरीच्या कंपनीला मनात शिव्या देत. बॅटरी तपासली, चांगली. कंट्रोलर चांगला. वायरी चांगल्या. इकडे सर ढाब्याच्या खुर्चीवर चहा पीत बसलेले, थंडीचे दिवस, ऊन सरकलं की खुर्ची सरकवत होते. शेवटी मी टपावर चढलो, होकायंत्र उघडलं आणि बराच वेळ खाली आलोच नाही.

"सापडलं का?" खालून सिस्टर.

"सापडलं."

"कशात हाय बिघाड?"

"माझ्यात."

गाडी वळली की टपही वळतो, हे मला त्या टपावर उभं राहून कळलं. पॅनेलचं तोंड उत्तरेकडे आणि उतारही तिकडंच, म्हणजे हिवाळ्यात वीज जवळजवळ अर्धी. तरी गडी हार मानेना. मी म्हणालो, स्ट्रक्चर उत्तम आहे, तुम्ही फक्त गाडी कायम दक्षिणेला तोंड करून लावत जा.

सरांनी कप खाली ठेवला. "बोधगया उत्तरेकडं हाय. मंग आमी काय रिव्हर्समंदी जावं?"

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सलाईन लावायला जमंना म्हणून पेशंटचा बेड गल्लीत नेत नसतेत, बाबा. स्टँड हलव."

स्ट्रक्चर कापलं. पॅनेल टपावर सपाट निजवले, खालून हवा खेळावी म्हणून थोडी फट ठेवून. पॅनेल तापला की वीज कमी देतो. सपाट ठेवल्यानं थोडं नुकसान होतं, पण गाडी कुणीकडंही वळो, सारखंच. ते नुकसान भरून काढायला लांब वायर लावून एक घडीचा पॅनेल दिला, जमिनीवर मांडायचा. तो फिरवायचं काम सरांनी स्वतःहून मागून घेतलं. खुर्ची सरकवतोच, त्याच्याबरोबर हाही सरकवीन, म्हणाले.

सिस्टरनी ट्रायल पुन्हा घेतली. त्याच ढाब्यावर, त्याच जागी, मुद्दाम तोंड उत्तरेला करून. पुन्हा रात्रभर जाग्या. सकाळी बॅटरीत चांगली शिल्लक होती. मग त्या दिवसभर झोपल्या आणि दुसऱ्या सकाळी निघाल्या. इतक्या वर्षांत माझं काम असं कुणी तपासून घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर मी बरा फिटर झालो असतो.

काही दिवसांनी सरांचा सारनाथहून फोन आला. जय भीम म्हणाले, आणि कुठलंही मशीन नसल्यासारखी झोप लागते म्हणाले.

हाताला सवय लागली की डोकं रजेवर जातं, एवढं मी यातून शिकलो. आता गिऱ्हाईकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. आणि सिस्टर परत आल्यापासून गिऱ्हाईकं वाढलीत, हेही खरं. परवा आष्टीहून एक जण आला, विहिरीवरच्या पंपासाठी. मी वही काढायच्या आत तो म्हणाला, "सिस्टरनी पाठवलंय. म्हनल्या, माणूस कामाला पक्का हाय, पन त्याला आधी सांगून ठेवा का तुमची हीर जाग्यावरच ऱ्हाती."