शोकसंदेशाचा मजकूर

चिक्कडपल्लीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका मराठी मंडळाचे शोकसंदेश लिहायचे. कुणी गेलं की मजकुराचा कागद घेऊन वर यायचे, कारण मोबाईलवर मराठी टाइप करणं त्यांना जमत नसे. खुर्चीत ताठ बसून ते एकेक वाक्य खणखणीत आवाजात सांगत आणि मी ते मंडळाच्या ग्रुपवर टाकत असे.

त्यांच्या मजकुरात काळ नेहमी घाला घालायचा आणि आधारवड कोसळायचे. पार्किंगवरून साऱ्या बिल्डिंगशी भांडलेला माणूसही त्यांच्या हातून अजातशत्रू होऊन जायचा.

"काका, थोडं साधं लिहू या का?" मी एकदा विचारलं.

"नक्को ताई," ते म्हणाले, "मजकुराला वजन पाहिजे की."

गेल्या महिन्यात त्यांची बायको अचानक वारली. दुसऱ्या दिवशी ते वर आले तेव्हा हातात काहीच नव्हतं. बसलेही नाहीत. दारातूनच म्हणाले, "लिहा. आमची ही काल दुपारी गेली. तिला फार बोलायची सवय नव्हती. माझं ताट वाढून ठेवलं होतं तिनं."

मी विचारलं, "पुढे, काका?"

"पुढे काय ताई? एवढंच झालं."

नेहमीसारखा मी मजकूर वाचून दाखवायला लागले, पण ताटाच्या वाक्याशी अडले. मग ते वाक्य त्यांनीच हळू आवाजात पुरं केलं आणि म्हणाले, "टाका."