आरशातला घेवडा

माझी मावशी रोज सकाळी चहाच्या आधी आरशासमोर उभी राहायची, पण स्वतःकडे बघायला नाही. हातात एखादं पान, काटकी, कधी मुळासकट उपटलेलं गवत असायचं. ते आरशात जसं दिसेल तसं ती लाकडी ठोकळ्यावर काढायची आणि मग कोरायची. ठोकळ्याला शाई लावून कागद दाबला की चित्र उलटं उमटतं, डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून ते आधीच उलटं काढायचं. तिचे स्वतःचे केस मात्र पेन्सिल खोचून कसेबसे बांधलेले. या घरात फक्त पानंच नटतात, असं काका म्हणायचे.

साठी उलटल्यावर तिला पहिल्यांदाच प्रदर्शनाचं बोलावणं आलं, गावाबाहेरच्या मोठ्या बागेतून. तिथल्या माळीबुवांची अट एकच होती: झाड खरं दिसलं पाहिजे. मधल्या भिंतीसाठी मावशीने घेवड्याचा वेल निवडला.

नेमका तेव्हाच काकांनी, तिला खूश करायचं म्हणून, पारा उडालेला आरसा नवी काच बसवायला दिला. आरसेवाल्याने ‘उद्या देतो’ म्हणत म्हणत उन्हाळा काढला. मावशीला धीर निघेना. खिडकीतल्या कुंडीकडे बघत तिने वेल थेट ठोकळ्यावर उतरवला आणि कोरायच्या नादात उलटं काढायचं विसरूनच गेली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पहिला छाप निघाला. सुरेख होता. मावशीने कागद कुंडीशेजारी धरला आणि तिथेच खाली बसली. घेवडा काठीभोवती नेहमी एकाच बाजूने वळत चढतो. कागदावरचा भलत्याच बाजूने चढला होता.

काकांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. एवढंसं कुणाला कळणार आहे, असं हळूच सुचवलं.

“घेवड्याला कळेल,” मावशी म्हणाली.

नवा ठोकळा कोरायला वेळ नव्हता. मधली भिंत रिकामी राहील, असं माळीबुवांना कळवायला तिने मला सांगितलं. मी फोन लावणार, तोच तिने छापावर बोट टेकवलं. शाई ओली होती. ती उठली, भरपूर शाई लावून दुसरा छाप काढला, त्या ओल्या छापावरच कोरा दमट कागद ठेवला आणि लाकडी डाव काकांच्या हातात दिला.

“आरसा तुम्ही नेलात ना? मग आता घासा.”

काकांनी खांदे भरून येईपर्यंत कागद घासला. मावशीने तो अलगद सोलून काढला. वेल फिकट उमटला होता, पण पुन्हा उलटल्यामुळे वळला होता तो घेवड्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी माळीबुवांनी छापासमोर हवेत बोट गोल गोल फिरवत वेल तपासला, मान डोलावली. इतका फिकट का, म्हणून विचारलं.

मावशी म्हणाली, “दोनदा चढलाय, दमला असेल.”

नवी काच बसून आरसा नंतर आला आणि पुढे कितीतरी वर्षं पानांनाच तोंड दाखवत राहिला. ज्या दिवशी दुपारी मावशी वारली, त्याच सकाळी मी त्याच्यासमोर वेणी घालत होते. अंगणातलं कसलंसं पान घेऊन ती मागे येऊन उभी राहिली.

“जरा सरक गं,” ती म्हणाली, “याला बघू दे.”