पहिला घास मोठीला

शाळेच्या कचेरीत मी तेहतीस वर्षं दाखले लिहिले, त्यामुळे माझा माणसांपेक्षा कागदावर विश्वास जास्त. माणसाला जन्मतारीख विचारली की तो "आंब्याच्या दिवसांत झालो" म्हणतो. कागद असले चाळे करत नाही. निवृत्त होऊन अमरावतीला घरी बसले, तरी नातेवाईक काही सोडत नाहीत. कोणाचा दाखला अडला, कोणाचं आडनाव चुकलं, की फोन मला. मी आधी करवादते आणि मग चपला घालते.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याहून मामाचा फोन आला. मामा म्हणजे माझ्या आईचा एकुलता एक भाऊ, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याच्या नातीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती, आणि तिथे घराण्याचा कागद जितका जुना तितका चांगला. मामाने घरात होतं नव्हतं ते एका पिशवीत कोंबून ठेवलं होतं. मी अकोल्याला गेले आणि पिशवी सतरंजीवर उपडी केली. लग्नपत्रिका निघाल्या, विजेची बिलं निघाली, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण निघालं. माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या निधनाची बातमी.

चार ओळींची बातमी. आजीचं नाव, "अल्पशा आजाराने निधन" आणि "त्यांच्या पश्चात एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे." आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिच्या हातची भाकर मी लहानपणापासून खाल्लेली. वलगावला त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी आणि सांभार, ज्याला पुण्याकडचे लोक उगाच कोथिंबीर म्हणतात. कात्रण हातात घेतलं आणि मला तिच्या ओल्या हातांचा सांभाराचा वास आला.

आजीची एक सवय होती. जेवायला बसली की गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक ती आधी बाहेर काढायची. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची उठावाची आकृती. पहिला घास त्या टाकाला दाखवून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि मग स्वतः जेवायचं. आम्ही पोरं तिला चिडवायचो, "आजी, तुह्या देवीले लयच भूक लागते वं!" त्यावर ती न चिडता म्हणायची, "तिले आधी. ते मोठी हाय." आमच्या लेखी देवी मोठीच असते, म्हणून पुढे कोणी विचारलं नाही.

जाताना आजीने तो टाक सुनेला दिला नाही, माझ्या आईला दिला. "हे तुहं हाय," एवढंच म्हणाली. मामी त्यावरून अजूनही धुसफुसते. आईने तो आपल्या देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवला. आज ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आणि रोज सकाळी न चुकता त्या टाकाला हळदीकुंकू लावते.

तर कागद. मामा म्हणाला, "जनगणनेत असन ना आपल्या बावाजीचं नाव?" मी त्याला समजावलं की जुन्या जनगणनेच्या पुस्तकात गावातली घरं किती आणि माणसं किती एवढंच सापडतं. माझे आजोबा त्यात असणारच, पण एका आकड्याच्या पोटात. नाव हवं तर कोतवाल बुक पाहायला हवं. पूर्वी गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं ते कोतवाल घरोघर फिरून ध्यानात ठेवायचा आणि लिहिता येणारा कोणीतरी ते वहीत उतरवायचा. आजोबा मूळचे दर्यापूरकडच्या एका खेड्यातले, वलगावला ते नंतर आले. आईचा जन्म खेड्यातला, मामाचा वलगावचा. म्हणजे आईच्या जन्माची नोंद हाच आमचा सगळ्यात जुना कागद ठरणार होता.

दर्यापूरच्या तहसिलीत अर्ज केला. दोन हेलपाट्यांनंतर तिथले नोंदी सांभाळणारे गृहस्थ मला म्हणाले, "या बाई, सापडलं बुक तुमचं." निवृत्तीला टेकलेला माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि पान उलटताना बोटं अशी हलकी की मला त्यांचा आदरच वाटला. माझ्या कचेरीत लोक रजिस्टर भांड्यासारखं आदळायचे. आईच्या जन्माची ओळ त्यांनी बोटाने दाखवली. आजोबांचं नाव, गाव, जात, आणि अपत्याच्या रकान्यात फक्त "मुलगी". बारसं व्हायच्या आधीची नोंद, नाव कुठून असणार? माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई, जिला सगळा मोहल्ला घाबरतो, ती तिथे नुसती "मुलगी" होती. मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

नक्कल तयार व्हायला वेळ होता. मी त्यांच्या परवानगीने वही चाळत बसले. आधी जन्माची पानं, मागे मृत्यूची. ताप, पटकी, सर्पदंश, ताप. "मुलगा, वय तीन दिवस." "म्हातारी, वय अजमासे सत्तर." एक आख्खं गाव माझ्या मांडीवर येत होतं आणि जात होतं, आणि त्या प्रत्येक उंबऱ्याशी एक कोतवाल उभा राहिला होता. ज्याला कदाचित सहीसुद्धा येत नसेल, त्याने ही सगळी माणसं डोक्यात घेऊन वहीपर्यंत आणली. मी आयुष्यभर रजिस्टरं लिहिली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला रजिस्टरासमोर हात जोडावेसे वाटले.

आणि मग माझं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे माझ्या आजीचं नाव होतं. पुढे "जोजे", म्हणजे अमक्याची बायको, आणि आजोबांचं पूर्ण नाव. वय वीस. कारण, बाळंतरोग. तारीख आईच्या जन्मानंतर बरोबर नऊ दिवसांची.

मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि आवाज चढवला. तो चढतोच. "हे चुकीचं आहे. ही बाई तेव्हा मेली नव्हती. मी कॉलेजात जाईपर्यंत जिवंत होती, पेपरात बातमी आहे, कात्रण आहे माझ्याकडे!" आणि खरंच पर्समधून कात्रण काढून मी वहीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचलं. चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, कागद दोन्ही खरे हायेत," ते म्हणाले. "पयली बाळंतपणात गेली. दुसरी केली तं तिले नाव पयलीचंच ठेवलं. तवा ठेवत होते तसं. लग्नात नाव बदलाचंच हाय, तं मंग तेच ठेवा." मग त्यांनी विचारलं, "दुसरीच्या गळ्यात टाक होता काय? सवतीचा?"

मी कात्रण उचलून पर्समध्ये ठेवलं. नवी बायको आली की तिने मेलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा आणि आपल्या आधी तिला जेवू घालायचं, ही रीत मी ऐकून होते. ती दुसऱ्यांच्या घरची रीत होती. आमच्या घरी देवी होती, आणि ती मोठी होती.

दोन्ही नोंदींची नक्कल करून घेऊन मी अकोल्याची बस धरली. खिडकीबाहेर नांगरून ठेवलेली काळी शेतं पळत होती आणि मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात मांडत होते. आई चाळीसेक वर्षं रोज सकाळी ज्या टाकाला कुंकू लावते, ती तिची जन्मदाती आहे. तिला ते ठाऊक नाही. आणि जिला मी आजी म्हटलं, तिने मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तिची तान्ही लेक घेतली, तिला पहिला घास दिला, आणि उभ्या जन्मात "सावत्र" हा शब्द घरात येऊ दिला नाही. कोणीही हाक मारली तरी ती पहिलीच्या नावाला ओ देत राहिली. तिचं स्वतःचं नाव काय होतं? पेपरातल्या बातमीतही ते नाही. एकीचा चेहरा आम्हाला माहीत नाही आणि दुसरीचं नाव. एवढं मोठं काम करून ही बाई भाकरी थापत बसली होती आणि आम्ही तिला भुकेल्या देवीवरून चिडवत होतो.

मामाला मी नक्कल दाखवली. त्याने ती डोळ्यांजवळ धरून वाचली. तोही चांगला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मग म्हणाला, "बाईले सांगू नोको." तो आईला बाईच म्हणतो. "काहून?" मी म्हटलं. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोणाची माय काढून घेते काय कोणी?" असं म्हणून त्याने तोंड फिरवलं.

मामाचं म्हणणं मला पटलं, आणि रागही आला. नकलेची एक प्रत पर्समध्ये ठेवून मी अमरावतीला आले. तीन दिवस आईच्या आसपास फिरत राहिले. ती कुंकू लावायला बसली की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. आजीला कळू द्यायचं नव्हतं हे खरं, पण मग जाताना "हे तुहं हाय" असं ती का म्हणाली असेल? मला वाटलं, तिने अर्धं सांगितलं होतं. उरलेलं अर्धं फिरत फिरत माझ्या पर्समध्ये आलं होतं, आणि ते दाबून ठेवायचा हक्क मला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी आई देवघरासमोर बसली असताना मी शेजारी बसले आणि सांगितलं. सरळ सांगितलं, मामा नको म्हणाला होता तेही; मला आडवळणाने येत नाही. नक्कल वाचून दाखवली, दोनदा. आईने टाक उचलून तळहातावर घेतला. इतक्या वर्षांच्या कुंकवाने त्यावरचा चेहरा पार झिजून गेला होता.

"किती वर्षाची होती म्हणतं?"

"वीस."

"वीस," आई म्हणाली. "पोरगीच होती बापा." आणि तिने अंगठ्याने त्या टाकावरून असा हात फिरवला, जसा ती माझ्या नातवंडांच्या गालावरून फिरवते. आपल्या आईपेक्षा चौसष्ट वर्षांनी मोठी झालेली लेक मी पाहत होते. मला रडू आवरेना. ती मात्र रडत नव्हती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मले पाहिलं असन काय वं तिनं?"

आयुष्यभर मी कागद सांभाळले ते बहुधा या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. "पाहिलं ना आई. नऊ दिवस पाहिलं. तारखा आहेत."

आईने बोटांची पेरं मोजली. एक, दोन, करत नवाला थांबली. "म्हंजे पाजलं बी असन," ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुपारी ती जेवायला बसली. टाक देवघरातून आणून तिने ताटाजवळ ठेवला. भाकरीचा एक घास मोडून त्याच्यापुढे ठेवला, "हा मोठीले." मग दुसरा मोडला आणि ताटाच्या दुसऱ्या कडेला ठेवला, जिथे काहीच नव्हतं. "आन हा माह्या मायले."

जेवण झाल्यावर तिने मला मामाला फोन लावायला सांगितलं. मी घाबरतच लावला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून फोन ती तोंडासमोर धरून ओरडून बोलते.

"काहून रे, मले सांगू नोको म्हणत होता?"

पलीकडून मामा म्हणाला, "बाई, तुले वाईट वाटन म्हणून..."

"मले काहून वाईट वाटन?" आई म्हणाली. "तुले एकच माय होती रे. मले दोन होत्या."