कोणाचा माणूस?

वानखडे सर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. 'आमचे लाडके प्राध्यापक' असं लिहून खाली जोडलेल्या हातांची रांग. सतरा वर्षं हा माणूस तासिकेवर इंग्रजी शिकवत होता, तेव्हा यातल्या एकानेही त्यांना प्राध्यापक म्हटलं नाही. नोकरी कायम नाही, म्हणून स्टाफरूममध्ये खुर्चीसुद्धा दाराजवळ. महिना झाला, माझा राग उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

मी फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचा, घरातला पहिला बी.ए. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या नाटकमंडळ्यांशी माझा काय संबंध? तो सरांनी लावून दिला. राणी एलिझाबेथच्या काळात नटांना कोण्या तरी सरदाराच्या नावाने फिरावं लागे. नाव नसलं तर कायद्याने ते भटके, फटक्यांचे धनी. पुढे जेम्स राजाने मोठ्या मंडळ्या राजघराण्याच्याच नावावर घेतल्या. सर म्हणाले, "तुह्या पणज्याले बैलांवर मीठ नेताना असंच अडवत ना बे? मंग तुले हे समजावून सांगा कायले लागते?"

त्या मंडळ्यांत पूर्ण नाटकाची प्रत बहुधा एकच, ती जिवापाड जपलेली. नटाला मिळायची फक्त कागदाची लांब पट्टी. तीवर त्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की बोलायचं. सरांनी या नटांवर एक नाटुकलं लिहिलं आणि आम्हा सात जणांकडून तसंच बसवून घेतलं. वेशीवर अडवलेला नट मी. पट्टीत डोकं घातलं की सर म्हणत, "कागद कायले पाह्यतं? त्याचं आयक."

याच मंडळ्यांवर सरांनी मराठीत पुस्तक लिहिलं. हाताने, आणि तेही एकाच प्रतीत. झेरॉक्स काढा म्हटलं तर हसले. मंडळ्यांची रीत आहे म्हणे. प्रत विभागाच्या कपाटात. टाइप मी करणार होतो. दोनदा त्यांचा फोन आला, दोनदा मी म्हणालो, सोयाबीन निघू द्या... हा राग माझ्यावरचाच आहे, लपवत नाही.

सर दवाखान्यात असताना तपासणी समिती येणार म्हणून विभागाला रंग दिला आणि कपाट रिकामं केलं. शोकसभेत विभागप्रमुख सरांच्या 'साधने'वर बोलले. नंतर मी हस्तलिखित मागितलं.

"वानखडे नियमित नव्हते. त्यांच्या नावावर कपाटच नव्हतं." कागद रद्दीत गेले असतील, हे जाता जाता. मी जागचा हललो नाही, तेव्हा त्यांनी मला खालून वर पाहिलं. "आपण कोणाकडून?"

माझ्या पट्टीवर वेशीच्या शिपायाचे शेवटचे शब्द आहेत, '...कोणाचा माणूस?' पुढे माझं वाक्य, 'सरदारसाहेबांचा, हुजूर.' ते मान खाली घालून म्हणायचं होतं.

"वानखडे सरांचा," मी म्हणालो. मान वरच होती.

पुस्तक गेलं. सरांच्या अक्षरातली पट्टी माझ्या मार्कशीटच्या फायलीत आहे. बाकीच्या सहा मी शोधतोय, पाच मिळाल्या. नाटकात शिपाई झालेला मित्र आता लोहारा गावच्या एका कारखान्यात आहे. पट्टी कधीच हरवली म्हणाला, "आता काय करतं तिचं?" मी फोनवरच माझं वाक्य म्हटलं आणि थांबलो. पलीकडे त्याने मशीन बंद केलं.

मग तो शिपायाचं पुढचं वाक्य बोलू लागला.