आधी रडू दे

"पोरगी मुकी हाय का वो, मिस्त्री?"

मी दुकानात आतल्या बाजूच्या स्टुलावर बसले होते. हातात मदरबोर्डबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक होतं. मुकी माणसं बहिरीही असतात, असं त्या गिऱ्हाइकाला वाटलं असावं. त्याने आवाजही कमी केला नव्हता.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. शर्टाच्या खिशातून खोडरबर काढलं, शाळेतली पोरं वापरतात तसलं, पांढरं. हातातल्या रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात त्याने हळूहळू घासत ते म्हणाले, "मुकी न्हाय. बोर्ड चांगला हाय. स्पीकर जोडायचा राहिलाय तेवढा."

गिऱ्हाईक हसलं. मीही हसले, पण पुस्तकात तोंड घालून.

मुरूम गावच्या बाजारात, अडत दुकानांच्या ओळीत शेवटची खोली त्यांची. पाटीवर कॉम्प्युटरचं चित्र होतं, तरी गाव त्यांना मिस्त्रीच म्हणायचं, कारण आधी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. शिक्षण किती झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, वाक्य नाही. सीमेपलीकडच्या गावांतून कानडी बोलणारं कुणी आलं की कानडीत बोलायचे, आणि बोलता बोलता समोरच्याच्या हातातलं बिघडलेलं सामान कधी काढून घ्यायचे ते त्यालाही कळायचं नाही.

मी तिथे गिऱ्हाईक म्हणूनच गेले होते. माझी शाळा उमरग्याला इंग्रजी माध्यमात झाली, कॉलेज सोलापूरला. नंतर घरी परतले. घरी बसून करायचं टायपिंगचं काम मिळालं होतं आणि त्यासाठी स्वस्तातला कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा होता. मी इंटरनेटवर चार दिवस घालवून एक यादी केली होती. बोलावं लागू नये म्हणून ती छापूनच नेली आणि काउंटरवर ठेवली.

त्यांनी यादीवर बोट फिरवलं आणि कॅबिनेटवर थांबवलं. "हे काचेचं डबडं कशाला? लायटी कुणाला दावायच्यात?"

त्यांनी डबडं खोडलं.

"डबडं कसलं बी चालतंय. हात आखडायचा न्हाय तो बोर्डात आन रॅममधी. त्या दोघांचं जमलं पायजे." मग आतून एक जुना बोर्ड आणला आणि एक पट्टी. "तू लिवलेला बोर्ड नव्या जातीचा, आन रॅम लिवलीस जुन्या जातीची. ही खाच बघ. बोर्डातला उंचवटा कुठं हाय, बघ."

पट्टीच्या तळाला बारीक खाच होती आणि ती जिथे बसते त्या स्लॉटमध्ये बारीक उंचवटा. दोन्ही एकमेकांसमोर येत नव्हते. फरक सुताएवढा.

"सोयरीक जमत न्हाय ही. जोर लावला की बसल्यासारखं वाटतंय, आन मग काय तरी मोडतंय."

त्यांनी मला जुन्या जातीची रॅम घेणारा साधा बोर्ड सुचवला. दोन स्लॉटचा. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या मी लिहिल्या होत्या, त्या खोडून आठची एकच लिहिली. "एक जागा मोकळी ठेव. उद्या काम वाढलं तर हीच काढून फेकायची का?" बाकी यादीतलं त्यांनी काही बदललं नाही. म्हणाले, "बाकी बराबर हाय. इंग्लिश चांगलं वाचतीस वाटतं."

माझा कॉम्प्युटर झाला आणि तरीही मी तिथे जात राहिले. कुठली रॅम कुठल्या बोर्डावर चालते याच्या याद्या बारीक इंग्रजीत असतात. त्या मी वाचायच्या आणि पेचकस त्यांनी धरायचा, असं ठरलं. सकाळी दहा ते एक. घरी सगळ्यांना बरं वाटलं, कारण पोरगी घराबाहेर पडली.

तुम्ही कधी कॉम्प्युटर जुळवताना पाहिला असेल तर तुम्हाला माहीत असेल, की लोक सगळं एकदम जोडतात आणि मग बटण दाबतात. मिस्त्रींची रीत वेगळी होती. बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर उघडाच ठेवायचे. प्रोसेसर बसवायचा, पंखा बसवायचा, वायर जोडायची, पण रॅम लावायची नाही. मग वाटाण्याएवढा स्पीकर दोन पिनांवर खोचायचा आणि पेचकसाच्या टोकाने शेजारच्या दोन पिना टेकवायच्या. पंखा फिरायचा. क्षणभर काहीच नाही. मग तो स्पीकर लांब सूर काढायचा, थांबायचा, पुन्हा काढायचा. रॅम नाही म्हणून बोर्ड तक्रार करायचा.

"आधी रडू दे," मिस्त्री म्हणायचे. "रडलं म्हंजी जित्तं हाय."

दारातली माणसं चेष्टा करायची. शेजारचे अडते म्हणायचे, "मिस्त्री, बाळंतपण आटपलं की सांगा. पेढे आणतो." मिस्त्री गंभीरपणे म्हणायचे, "बाळ-बाळंतीण सुखरूप हायेत. तुम्ही पेढे कवा आणता तेवढं सांगा."

आवाज न करणारा बोर्ड मात्र त्यांना सहन व्हायचा नाही. एखादा नवाकोरा बोर्ड गप्प राहिला की त्यांचा चेहरा उतरायचा. पुन्हा पुन्हा पिना टेकवायचे, बोर्डाला कान लावायचे. एकदा मी म्हटलं, म्हणजे फार हळू म्हटलं, "परत पाठवू या ना. वॉरंटी आहे."

"पाठवू की," ते म्हणाले. पण जेवायची वेळ टळेपर्यंत ते त्याच्यापाशी बसून होते.

त्याच दिवशी त्यांनी ती गोष्ट सांगितली. एकदाच. ते मूळचे सास्तूरचे, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी बारा-तेरा वर्षांचे होते. खोडरबराने पट्टीचे दात घासत, माझ्याकडे न बघता, एखाद्या बोर्डाबद्दल बोलावं तसं बोलले.

"दगडाची घरं, वरनं मातीचं माळवद. सगळं आंगावर. म्या आन धाकटी शेजारी शेजारी. मी वरडलो. लोकांनी जिथनं आवाज आला तिथं उकरलं. धाकटी वरडली न्हाय. लई लाजाळू हुती, परक्या माणसासमोर तिला आवाज फुटायचा न्हाय."

पट्टी उजेडात धरून त्यांनी पाहिली. पुन्हा घासली.

"जित्ती हुती. तिचा हात माझ्या हाताला लागत हुता. मला भाईर काढलं आन मी बेशुद्ध. सांगायचं राहिलं."

मी यादीतली पुढची ओळ वाचली. त्यांनी मान डोलावली आणि ती पट्टी बाजूला ठेवली. त्यानंतर निघताना ते मला रोज एकच सांगायचे. "आवाज करत जा गं जरा. नुसतं बघून कुणाचं भलं झालंय?" मी "हो काका" म्हणायचे. तेही बहुतेक मानेनेच.

आता तो दिवस. मी तो अनेकदा मनात मांडला आहे, त्यामुळे क्रम मला नीट पाठ आहे.

दहाला मी गेले तेव्हा मिस्त्री चहा पीत होते. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा हनुवटीवर आला. त्यांनी तो मनगटाने पुसला. थोडा वेळ गेला, पुन्हा आला. त्यांनी डाव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "रातच्याला आंगाखाली आला वाटतं. झोपलाय अजून."

एक गुरुजी आले होते. मुलीसाठी कॉम्प्युटर हवा होता, बारावीची मुलगी, सामान सोलापूरहून आदल्या दिवशी आलं होतं. गुरुजींना सगळं समोर बसून बघायचं होतं. मिस्त्रींनी बोर्ड खोक्यावर ठेवला, प्रोसेसर आणि पंखा बसवला. मग रॅमची पट्टी घेतली आणि स्लॉटमध्ये घातली. बोर्डाला रडू न देताच.

आणि उलटी घातली.

खाच एका बाजूला होती आणि उंचवटा दुसऱ्या. त्यांनी अंगठ्याने दाबलं. बसेना. काढली, बघितली, तशीच पुन्हा घातली, पुन्हा उलटी. पुन्हा दाबलं. मी चार हातांवर होते. वर्षभरात त्या माणसाने पट्टी उलटी धरलेलीसुद्धा मी पाहिली नव्हती. डोळे मिटून त्यांनी ती बरोबर लावली असती.

माझ्या तोंडात शब्द आले होते. "काका, उलटी आहे." तीनच शब्द. पण गुरुजी समोर बसले होते. गिऱ्हाइकासमोर मिस्त्रींची चूक काढायची, तीही मी, याची मला लाज वाटली. त्यांनाही वाटेल असं वाटलं. मी पुस्तकाचं पान उलटलं. वाचत असल्यासारखं केलं.

मिस्त्रींनी पट्टी काढून टेबलावर ठेवली. "गुरुजी, उद्या या," ते म्हणाले. त्यांनी कुणाला उद्या बोलावलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मग मला म्हणाले, "जरा घरी जाऊन पडतो. तू कुलूप लाव." चावी त्यांनी उजव्या हाताने दिली. पायऱ्या उतरताना डावा पाय थोडा घासला. तेही मी बघितलं.

घर जवळच होतं. बायकोला, म्हणजे काकूंना, ते म्हणाले, "दमल्यासारखं झालंय, झोपतो." काकूंनी जेवायला उठवलं नाही. एरवी दुपारी कधी पाठ टेकत नाही हा माणूस, आज झोपलाय तर झोपू दे, असं त्यांना वाटलं. दिवस मावळताना उठवायला गेल्या तर अर्धं अंग गेलेलं होतं आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. आधी उमरगा, तिथून सोलापूर. तिथल्या डॉक्टरांनी काकूंना विचारलं, कधीपासून आहे? लवकर आणलं असतं तर इलाज होता, पहिल्या काही तासांतच तो करता येतो. काकू म्हणाल्या, सकाळी तर चांगले दुकानात गेले होते.

अकरा दिवस मिस्त्री तिथे होते. मी एकदा बाबांबरोबर गेले. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

ते गेल्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू तेच सांगत. "दुपारी म्या झोपू दिलं. उठवलं असतं तर जगले असते. माझ्या हातनं झालं हे." बायका म्हणत, "असं बोलू नये वैनी." पण सकाळी काही झालं होतं का, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सकाळी ते चांगले होते. मी तिथेच भिंतीला टेकून बसलेली असायचे. काकूंनी जेवण सोडल्यासारखं केलं होतं. दुपारी आडव्या होत नसत. डोळा लागेल म्हणून उभ्याच राहायच्या.

महिन्याने त्यांनी मला दुकानात बोलावलं. खोली सोडायची होती. सामान खोक्यांत भरायचं काम चालू होतं. टेबलावर गुरुजींचा बोर्ड तसाच होता, धूळ बसलेला. शेजारी ती पट्टी.

"हे तेवढं पुरं करून दे," काकू म्हणाल्या. "ह्यांनी शब्द दिलता गुरुजींना. तुला येतंय न्हवं?"

मी मान हलवली. त्या दारापाशी उभ्या राहिल्या, चौकटीला हात लावून. हातात मिस्त्रींचा सदरा होता, दुकानातल्या खुंटीवर राहिलेला. त्याच्या खिशातून त्यांनी खोडरबर काढलं, उलटसुलट केलं. एका बाजूने काळं पडून झिजलं होतं. "लेकरं न्हाईत घरात, आन ह्यो माणूस खोडरबर घिऊन फिरायचा," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "झोपू दिलं गं म्या. येड्यावानी झोपू दिलं."

मी बोर्डावरची धूळ कुंचल्याने काढली. वायर जोडली. ड्रॉवरमधून तो वाटाण्याएवढा स्पीकर शोधून पिनांवर खोचला. रॅम लावली नाही. पेचकसाचं टोक टेकवलं. पंखा फिरला. क्षणभर काहीच नाही.

मग बोर्ड ओरडला. थांबला. पुन्हा ओरडला.

काकू दचकल्या. "हे का रडायलंय?"

"रॅम नाही म्हणून," मी म्हणाले. पट्टी उचलली, कडेला धरून, दोन बोटांनी. खाच बघितली. लावली नाही. बोर्ड ओरडत होता आणि मी तो बंद केला नाही.

"काकू, त्या दिवशी सकाळी काकांनी ही उलटी लावली होती. दोनदा."

"म्हंजी?"

त्यांना खाच कळणार नव्हती. मला सरळ सांगावं लागणार होतं. मी पट्टी खाली ठेवली.

"म्हणजे दुपारी नाही काकू, सकाळी दहालाच झालं होतं त्यांना. तोंडातून चहा गळत होता, डावा हात चालत नव्हता. तुम्हाला कळायच्या आधी मला दिसलं होतं. मी इथेच बसले होते. मी बोलले नाही."